आधी पाहिलेला दुसरा भाग

१९९३ च्या चवथीत, म्हणजे गणपतीत, माझ्या बाबांनी आख्ख्या वाडीला एक इंग्रजी सिनेमा मालवणीतून सांगितला. सिनेमा होता 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग, 'जजमेंट डे'. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सिनेमातला मुलगा दहाचा.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. वाडीत तेव्हा टीव्ही दोनच, त्यातला एक ब्लॅक अँड व्हाइट. चवथीला मुंबईहून चाकरमानी आले की वर्गणी निघायची आणि एका रात्रीसाठी तालुक्याहून व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्याने यायच्या. पाऊस असला तर पडवीत, उघडीप असली तर खळ्यात. त्या वर्षी सगळं आमच्याकडे होतं. आत गणपती, वर कवंडाळं आणि आंब्याचे टाळे बांधलेली माटवी, आणि बाहेर पडवीत शिवणयंत्राच्या टेबलावर टीव्ही. दोन हिंदी सिनेमे संपेपर्यंत म्हातारी माणसं आडवी झाली होती. तिसरी कॅसेट इंग्रजी निघाली. कॅसेटवाला म्हणाला, फायटिंग भारी आहे, बघा.

भाषा कुणालाच येत नव्हती. मग बाबा उठले आणि टीव्हीच्या बाजूला खांबाला टेकून उभे राहिले. मुंबईत थिएटरात इंग्रजी सिनेमे पाहिलेला वाडीतला माणूस म्हणजे ते. "हो जाडो आसा ना, हो चांगलो," त्यांनी सुरुवात केली. "तो पोलीस दिसता तो वायट. तेका मारूक इलो हा." त्यानंतर सवादोन तास ते बोलत होते. कोण कुणाचा, कोण कुठून आला, कोण काय म्हणाला. मला तो सिनेमा पुढे कितीतरी वर्षं बाबांच्याच आवाजात आठवत राहिला. शेवटी शेवटी तर मूळ आवाज होता की नव्हता, हेही आठवेना.

यंदा आषाढात चार दिवस गावी गेलो होतो, तेव्हा तो पुन्हा पाहिला. जाण्याआधी त्याचा पहिला भागही पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा.

पहिला भाग १९८४ चा. जेम्स कॅमेरॉनने तो साठ-पासष्ट लाख डॉलरमध्ये केला. हॉलिवूडच्या मानाने ही अगदी किरकोळ रक्कम. त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगर हाच मारेकरी आहे. भविष्यातल्या यंत्रांनी पाठवलेला, माणसाचं कातडं पांघरलेला सांगाडा, आणि त्याला मारायची आहे सारा कॉनर नावाची एक साधी मुलगी. हॉटेलात ताटं उचलणारी, कामाचे तास मोजणारी, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहणारी. कारण तिच्या पोटी पुढे जो मुलगा येणार आहे, तो यंत्रांविरुद्ध माणसांना उभं करणार आहे. तिला वाचवायला काईल रीस नावाचा सैनिक त्याच भविष्यातून येतो. तिच्यावर प्रेम करतो, तिला वाचवतो आणि मरतो. शेवटी ती गरोदर आहे, एकटीच गाडी घेऊन वादळाच्या दिशेने निघाली आहे. सिनेमा तिथे संपतो.

सात वर्षांनी, १९९१ साली, कॅमेरॉनने दुसरा भाग काढला तेव्हा त्याच्या हातात सुमारे दहा कोटी डॉलर होते. श्वार्झनेगर तोच, पण आता तो मुलाला वाचवायला आला आहे. मारेकरी दुसरा आहे, पाऱ्यासारखा वाहणारा, हव्या त्या माणसाचं रूप घेणारा. हे काम रॉबर्ट पॅट्रिकचं. त्याचं ते हात सपासप कापत, तोंड मिटून धावणं पाहून आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी सड्यावर तसेच धावत होतो.

त्या वितळत्या माणसाची भीती मला फार दिवस पुरली. इस्पितळाच्या काळ्यापांढऱ्या फरशीतून तो हळूहळू वर येतो आणि पहारेकऱ्याच्या पाठीमागे त्याच्याच रूपात उभा राहतो. आमच्या घरात शेणाने सारवलेली जमीन. रात्री लघवीला उठलं की मला ती जमीन पायाखाली हलल्यासारखी वाटायची, मग मी उंबऱ्यावरून उंबऱ्यावर उड्या टाकत मागीलदारी जायचो. तिथे कॉम्प्युटरची करामत दिसते ती फरशीपुरती. पहारेकरी समोरासमोर येतात तेव्हा ते खरोखरचे दोघे आहेत, डॉन आणि डॅन स्टँटन हे जुळे भाऊ. शेवटी दोन सारा दिसतात, तिथेही लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली उभी आहे. त्या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, त्यातलं एक दृश्यकरामतींचं. पण कॉम्प्युटरने घडवलेली दृश्यं सगळी जोडली तरी पाच-एक मिनिटांचीच आहेत. बाकीचं काम मेकअप, बाहुले, स्टंटवाले आणि जुळी भावंडं यांचं. म्हणूनच तो अजून जुना वाटत नाही. मी पुन्हा पाहिला तेव्हा त्या फरशीने मला पुन्हा पाय वर घ्यायला लावले.

पण ज्या प्रसंगाने मला हे लिहायला बसवलं, तो वेगळाच आहे.

सारा दुसऱ्या भागात वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली असते. जग बुडणार आहे, यंत्रं येणार आहेत, असं ती सांगते आणि कुणाचा विश्वास बसत नाही. एका रात्री ती कागदाच्या पिनेने पट्ट्यांचं कुलूप उघडून पळते. लांब बोळातून धावत असते, समोर लिफ्टचं दार उघडतं आणि त्यातून श्वार्झनेगर बाहेर येतो. तिचा पाय घसरतो. ती पडते, पालथी होते, नखांनी जमीन ओरबाडत मागे सरकायला बघते. तिच्या तोंडून जो आवाज निघतो तो ओरडण्याचा राहत नाही. गुरामागे वाघ लागला की गुराच्या पोटातून येतो तसला आवाज. मागून तिचा मुलगा येतोय, तो तिला हाका मारतोय, तेही तिला दिसत नाही.

त्या चवथीच्या रात्री आम्हाला ते काही कळलं नव्हतं. हा तर चांगला, मघापासून पोराला वाचवतोय, मग ही बाई त्याला बघून अशी का करते? आम्ही बाबांच्या तोंडाकडे बघितलं. बाबा म्हणाले, "ती पिशी आसा. म्हणान तर बांदून ठेवलानी हा."

पिशी. वेडी. झालं. पुढची तीस वर्षं माझ्या डोक्यात त्या सिनेमातली आई पिशीच राहिली. वेडी, कडक, पोराला ओरडणारी बाई. सिनेमा पोराचा आणि त्या यंत्राचा. ती मधेमधे येणारी.

पहिला भाग पाहिल्यावर त्या बोळातली पहिली दहा सेकंदं मला नीट बघवली नाहीत. कारण आता मला माहीत होतं, तो चेहरा तिने आधी पाहिलेला आहे. त्याच चेहऱ्याने तिच्या मैत्रिणीला मारलंय, आख्खी पोलीस चौकी उद्ध्वस्त केलीय, रात्रभर तिचा पाठलाग केलाय. कातडं जळून गेल्यावरही उरलेला लोखंडी सापळा तिच्या पायाशी सरपटत आलाय. आणि आता तोच हात पुढे करून तिला म्हणतो, जगायचं असेल तर माझ्याबरोबर चल. पहिल्या भागात हेच शब्द तिला काईल रीसने म्हटले होते. तिच्या मुलाच्या बापाचे शब्द तिच्या वैऱ्याच्या तोंडून येतात, आणि मागे उभा असलेला मुलगा म्हणतो, आई, घाबरू नको, हा चांगला आहे. त्या मुलाचं काही चुकत नाही. त्याने पहिला भाग पाहिलेलाच नाही.

हे लक्षात आलं आणि मी लॅपटॉप मिटून बाहेर खळ्यात जाऊन उभा राहिलो. आम्ही सगळेच आईबापांचा दुसरा भाग आधी पाहतो. आपण येतो तेव्हा त्यांची अर्धी गोष्ट होऊन गेलेली असते. आई कडक का, बाप गप्प का, हे विचारायचंही सुचत नाही. ते तसेच असतात, जशी खाडी असते, जसा सडा असतो.

माझ्या आईचा पहिला भाग मला बाहेरच्या माणसांकडून कळला होता. तो असा. ती लग्न होऊन परळला आली. बाबा गिरणीत. गावच्या मंडळाची खोली होती, तिथे पंधरा-वीस पुरुष पाळ्यांप्रमाणे झोपायचे. लग्नानंतर बाबांनी कुणाच्या तरी ओळखीने चाळीत अर्धी खोली मिळवली, मधे साडीचा पडदा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल. तो कधी लागलाच नाही. गिरणगावातल्या कोकणी घरांनी आधी भांडी विकली, मग दागिने, मग बायकापोरं गावाला धाडली. आई त्यांच्यातली एक. मी पोटात होतो. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे ते एका गोदामावर वॉचमन झाले आणि शेवटपर्यंत वॉचमनच राहिले. चवथ आणि शिमगा असे वर्षातून दोनदा घरी. एरवी मनीऑर्डर. त्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एवढीशी जागा असायची. तिच्यात बाबा नेहमी एकच लिहायचे, 'मी खुशाल आहे. बाबूला सांभाळ.' पोस्टमन ते वाचून दाखवायचा आणि आई अंगठीच्या बोटाने तो मजकूर एकदा पुसल्यासारखा करून कागद कणगीच्या मागे खोचायची.

त्या सिनेमात सारा पहिल्यांदा दिसते तेव्हा ती पाठमोरी आहे. खोलीतली खाट उभी करून तिच्या पायाला लोंबकळत ती अंग वर खेचते आहे. दंडांवर घाम, शिरा तटतटलेल्या. पहिल्या भागातली गुबऱ्या गालांची मुलगी ही, हे ओळखू येत नाही. लिंडा हॅमिल्टनने या एका सिनेमासाठी महिनोन्‌महिने अंग कमावलं होतं. तेव्हा त्या दंडांचं जगभर कौतुक झालं. मला ते दंड नवीन नव्हते. आमची बाव जांभ्यात खोल खणलेली, एप्रिलमध्ये पाणी तळाला जायचं, आणि आई दिवसाला चाळीस-पन्नास कळशा ओढायची. सड्यावरून डोक्यावर मोळी आणायची. भाताच्या गोणी एकटी हलवायची. एकदा भाऊबंदांनी गडगा हातभर आमच्यात सरकवला. आई काही बोलली नाही. पहाटे उठून तिने एकेक चिरा उचलून गडगा होता तिथे परत रचला. उजाडलं तेव्हा ती बावीवर हात धूत होती. गावात तिला फटकळ म्हणायचे. मी तेव्हा गावाच्या बाजूने होतो. मलाही इतर पोरांच्या आयांसारखी मऊ आई हवी होती.

आता त्या गाडीतल्या प्रसंगाबद्दल.

इस्पितळातून सुटून तिघं गाडीत बसतात. रात्र आहे, मागचा पोलीस पिच्छा सोडत नाही, गाडीच्या काचा फुटलेल्या आहेत. थोडी उसंत मिळते आणि सारा मुलाला जवळ ओढते. त्याला वाटतं, आई मिठी मारतेय, तो तिला बिलगायला बघतो. पण तिचे हात त्याच्या मानेवरून, छातीवरून, पाठीवरून, दंडांवरून भराभर फिरताहेत. त्याला कुठे लागलंय का, हे ती तपासतेय. तपासून झालं की त्याला दूर करते आणि झापते. तू मला सोडवायला यायलाच नको होतंस, तू मेलास तर सगळंच संपलं. मुलगा रडतो. यंत्र आरशातून बघून विचारतं, तुझ्या डोळ्यांना काय झालं?

लहानपणी मी त्या मुलाबरोबर रडलो होतो. तो रडला म्हणून नव्हे, मला ओळखीचं होतं म्हणून.

आठ वर्षांचा असताना सुकतीला मी आणि आणखी दोघं खाडीतल्या खडपावर कालवं फोडायला गेलो होतो. कालवांची लागवड खडपाच्या पार टोकापर्यंत होती. वाकून वाकून पुढे सरकत गेलो, भरती लागल्याचं कळलं नाही. मागे वळून पाहिलं तर किनाऱ्याच्या आणि आमच्यामध्ये काळं पाणी. दिवस बुडत होता. पाणी गुडघ्यांवर आलं, मांड्यांवर आलं. जाळी टाकून परतणाऱ्या एका होडीवाल्याने आम्हाला उचललं. धक्क्यावर आई उभी होती, पदर खोचलेला, हातात कोयती तशीच. मी होडीतून उतरलो आणि दोन्ही हात वर करून तिच्याकडे धावलो. तिने मला दंडाला धरून थांबवलं. मग तिचे हात माझ्या डोक्यावरून, कानामागून, पाठीवरून, पोटावरून, मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून उतरत गेले. खाली बसून तिने माझे तळवे चाचपले. कालवांनी दोन्ही तळवे चिरले होते. मग ती उठली आणि माझ्या कानफटात एक बसली. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला असेल. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री दगडीपाला कुटून त्याचा रस तळव्यांवर पिळला, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. माझी मिठी अर्ध्यावर राहिली होती, त्याचा मला राग होता.

यंदा आषाढात जेव्हा तो प्रसंग आला तेव्हा आई माझ्या बाजूला होती. संध्याकाळपासून लाईट नव्हते. लॅपटॉपचं चार्जिंग होतं, सिनेमा आधीच उतरवून ठेवला होता. आई फणसाच्या आठळ्या सोलत होती. सिनेमाकडे तिचं लक्ष आहे असं मला वाटलं नव्हतं. पागोळ्यांचा आवाज एवढा होता की संवाद मलाही धड ऐकू येत नव्हते.

मी म्हणालो, "ही बघ, पोरगो मिठी मारूक बघता आणि ती काय करता बघ."

आई आठळी हातात तशीच धरून पुढे वाकली. थोडा वेळ बघितलं. म्हणाली, "लागलासा काय बघता ती. अंधारात रगात दिसना नाय. हाताक वला लागला काय समाजता."

आणि आठळी सोलायला लागली.

मी सिनेमा थांबवला. हे मी वाचलेल्या कुठल्याच परीक्षणात नव्हतं. मायेचा अभाव, कडक झालेली आई, असं सगळीकडे लिहिलेलं होतं, आणि मीही मनात तेच बोलत होतो. हाताला ओलं लागतंय का, हे कुणी लिहिलं नव्हतं. त्या धक्क्यावर तिन्हीसांज होती. मी पुरता भिजलेला होतो, खाडीच्या पाण्याने. भिजलेल्या पोराच्या अंगावर रक्त कुठलं आणि पाणी कुठलं, हे नुसत्या हाताने ओळखायला किती हळू फिरवावा लागत असेल हात. मला तो घाईचा वाटला होता.

"तुका आठवता? मी कालवांका गेल्लंय ती सांज?" मी विचारलं.

"माका नाय आठवत," ती म्हणाली. तिला आठवत होतं. ती उठून चुलीत लाकूड सारून आली.

मग आम्ही उरलेला सिनेमा एकत्र पाहिला. मी तिला सांगत गेलो, बाबांसारखा, फक्त मला खालची अक्षरं वाचता येत होती. वाळवंटातल्या भागात सारा लांबून बघत असते, मुलगा आणि ते यंत्र गाडी दुरुस्त करताहेत, मस्करी करताहेत. ती मनाशी म्हणते की हे यंत्र याला कधी सोडून जाणार नाही, याच्यावर हात उगारणार नाही, दारू पिऊन येणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. इतक्या वर्षांत बाप व्हायला जे आले त्यांच्यात हेच एक पुरं पडलं. लहानपणी याच भागावर माझा जीव होता, पण त्या रात्री बाबा इथे काही बोलले नव्हते. "आता ती इचार करता," एवढंच म्हणाले होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या जागी त्यांना बोलायला काही सुचलं नाही, याचं मला आता वाईट वाटतं. ते खांबाला टेकून उभे आहेत, टीव्हीचा निळा उजेड अर्ध्या तोंडावर, आणि खाली वीस माणसं पुढच्या वाक्याची वाट बघताहेत. अजून तीन दिवसांनी त्यांची एसटी.

सिनेमात जगबुडीची तारीख सुरुवातीलाच सांगितलेली आहे, २९ ऑगस्ट १९९७. तीनशे कोटी माणसं एका दिवसात गेली, असं सारा सांगते. बाबांनी तारीख सांगितली नव्हती, नाहीतर मी ती मोजत बसलो असतो. यंदा उत्सुकता म्हणून पाहिलं, तो दिवस शुक्रवार होता. श्रावणातला शुक्रवार. म्हणजे आमच्या घरी जिवतीची पूजा. मी तेव्हा दहावीत, शाळेतून आल्यावर आईने मला पाटावर बसवून ओवाळलं असणार. श्रावणातला एकही शुक्रवार तिने चुकवलेला नाही. मी मुंबईला गेल्यापासून ती चारी दिशांना अक्षता टाकते.

आणि मग तो शेवट. तो पोलादाच्या कारखान्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या फोंटानाच्या बंद पडलेल्या गिरणीत तो चित्रित केला होता. वितळत्या रसात मारेकरी नष्ट होतो आणि मुलाला वाटतं, संपलं, आता हा आपल्याकडेच राहणार. पण यंत्राच्या डोक्यातही तीच चकती आहे जिच्यातून पुढचं सगळं अरिष्ट उभं राहणार. म्हणून त्यालाही जायला हवं. मुलगा रडतो, हुकूम करतो, जाऊ नकोस. ते त्याच्या गालावरचं पाणी बोटाने टिपतं. साखळीवरून खाली जातं. सगळं बुडतं, हात उरतो, हाताचा अंगठा वर होतो, आणि तोही बुडतो.

त्या रात्री इथे बाबांनी सांगितलं होतं, "तो म्हणता, भट्टीत जातंय. नवो होवन येतंय. पुढच्या चवतीक परत."

आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात बाबा आणि काका पाट धरून उभे होते. तीनदा वरखाली केलं आणि सोडलं. सोंड गेली, मुकुट गेला, आशीर्वादाचा उजवा हात तेवढा पाण्यावर राहिला थोडा वेळ. मी मनात म्हटलं, हेही नवे होऊन येणार. सगळे ओरडत होते, पुढच्या वर्षी लवकर या. त्यानंतर दोन दिवसांनी बाबा एसटीच्या खिडकीत बसले. गाडी वळणावर गेली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला, आणि मला त्यातला अंगठा वर दिसला. तो खरोखर वर होता की मी तसा पाहिला, हे आता विचारायला ते नाहीत. २००९ साली गेले.

खरा संवाद उलट आहे. यंत्र म्हणतं, तू का रडतोस ते आता मला कळलं, पण मला ते कधीच जमणार नाही. परत येण्याचं ते काही बोलत नाही.

पण मला हलवलं ते बाबांच्या त्या बदलाने नाही. त्यांनी ते बदलायलाच हवं होतं, पडवीत जी पोरं बसली होती त्यातल्या निम्म्यांचे बाप त्या आठवड्यात जायचे होते. मला हलवलं एका बटणाने. यंत्राला स्वतःला संपवता येत नाही. ते साखळीचं बटण साराच्या हातात देतं. खाली सोडायचं काम तिचं आहे. मुलाला कुशीत धरून, त्याच्या डोक्यावरून खाली बघत, ती ते बटण दाबते. लहानपणी मला ते दिसलंच नव्हतं. मी फक्त अंगठा पाहत होतो.

आमच्याकडे बाबांची पिशवी आई भरायची. कुळथाची पिठी, सोलं, सुके बांगडे, दोन नारळ, उकड्या तांदळाचं गाठोडं. मी पिशवीतून वस्तू काढून लपवायचो. पिशवी भरली नाही तर ते जाणार नाहीत असं मला वाटायचं. आई काही न बोलता लपवलेलं शोधून आणायची आणि परत भरायची. मग ती पिशवी डोक्यावर घेऊन स्टॉपपर्यंत तीच जायची. मला तिचा तेव्हा फार राग यायचा. हीच त्यांना पाठवते, असं वाटायचं.

लॅपटॉपवर ते बटण दाबलं गेलं तेव्हा आईचे हात थांबले होते.

"तिनाच दाबल्यान?" तिने विचारलं.

"होय."

"हां."

शेवटची अक्षरं वर सरकायला लागली. मी तिला बाबांनी सांगितलेला शेवट सांगितला. ती म्हणाली, "ठावक आसा माका. आयकाक येय होता." त्या रात्री ती कुठे होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. ती चुलीजवळ होती, वीस-पंचवीस माणसांच्या चहाला आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीला. दारातून टीव्हीची एक कड दिसायची. बाबांचा आवाज मात्र सगळा ऐकू यायचा. "पिशी म्हणी होते तिका," ती म्हणाली.

मी तिला पहिल्या भागाबद्दल सांगायला लागलो. ती मुलगी आधी कशी होती, हॉटेलात काम करायची, तिला कुणी शोधत आलं, तो सैनिक कसा मेला, आणि ती पोटुशी असताना एकटी गाडीतून कशी निघाली. आई ऐकत होती. आठळ्यांच्या साली तिने एका बाजूला गोळा केल्या. मी थांबलो आणि म्हटलं, "आये, तू परळसून इलंस तेव्हा गाडीत कोण होता तुज्याबरोबर?"

बराच वेळ पागोळ्याच ऐकू येत होत्या. लॅपटॉपचा उजेड आपोआप मंद झाला.

"कोण नाय," ती म्हणाली. "तुझे बापूस गाडीर चढवक इल्ले. सगळा इकलला, स्टो ऱ्हवललो. तो मांडयेर घेतलंय. आत राकेल होता थोडा, सांडात म्हणान उभो धरललो दोनय हातांनी. रातभर. नांदगावच्या तिठ्यार उतरलंय तेव्हा उजाडला. स्टो खाली ठेवक गेलंय तर बोटा सुटनत नाय. थंय एक म्हातारी बसलली बांगडे घेवन. तिणा एकेक बोट सोडवन दिल्यान."